आखजीचा घास

आयका ना, मधात उठू नका! रिठदचा जानराव जर्मनच्या लढाईवरून आला ना, त्याच्या घरची गोष्ट हाय.

लढाई सरली तवा त्याची पलटन ग्रीस देशातल्या एका बेटावर व्हती. चारी बाजूनं समुद्र, अन मधात हिरवागार डोंगर. ऐन वैशाखात हिरवा, इचार करा! सुट्टीच्या दिशी जानराव एकटाच पायी फिरे. कुठं लोकं हातात हात धरून नाचत राहत, कुठं एखादी म्हातारी याले बोलावून भाकर अन बोराएवढी काळी, खारट फळं दे. भाषा कोणाले समजते? पण पोट भरे.

त्यात त्याच्याच पलटनीतला इंझोरीचा शालिकराम सुट्टी सरवून घरून परत आला. म्हणे, "जान्या, तुह्या बापाची वाचा गेली रे. आंथरुणाले खिळला व्हता. आतालोक गेलाबी असन."

मंग आखजी आली, अक्षय तृतीया. आपण त्या दिशी पितराले जेवू घालतो. तिथं कोण घालनार? डोंगराच्या वाटेवर खांबावर एक इवलंसं देवघर व्हतं, पेटीएवढं. आत कोन्या म्हाताऱ्याचा फोटो अन इझलेला दिवा. जानरावनं दिव्यात तेल टाकलं, पेटवला, भाकर अन ती फळं म्होरं ठेवली. हात जोडून म्हणे, "बा, जेव. अन घरी चाल."

हिवाळ्यात तो रिठदले आला, तं वट्ट्यावर बाप बसलेला! जगदेवबुवा, जित्ता!

माय मनकर्णाबाई रडे अन हासे. "अरे, सास गेला व्हता रे! तिरडी बांधून झाली व्हती. आखजीच्या दुपारी उठून बसले. मी पेज आनली तं म्हणे, नोको, पोट भरलं."

जानरावले फोटोतला म्हातारा आठवला. घरी चाल म्हणून आपण बोलावलं तं कोनाले? पन मायले काय सांगनार? माय तं त्याच माणसाच्या ताटात जेवून राह्यली व्हती.

तो नजर ठेवू लागला. ज्याले वावरात जायले बैलबंडी लागे तो बाप आता रोज फटफटताच टेकडीवर पायी जाये. वर जाऊन उभा राहे, कपाशीच्या पऱ्हाटीकडं पाहत, जसं काही तिथं समुद्रच हाय. बोरं मिठाच्या पान्यात भिजू घाले.

माय म्हणे, "मरून तरणे झाले तुहे बुवा!"

शेवटी जानरावच्यानं राहवलं नाही. सकाळी बाप वट्ट्यावर बसला व्हता. यानं इचारलं, "बा, माह्या डोक्याची खोक कायची?"

"काहून रे? खळ्यात बांड्या बैलानं ढकललं तुले. मी कडेवर घेऊन पळालो, तं माही पायतनं तिथंच राह्यली."

पायतनाचं तं बापलेकाबिगर कोनालेच ठाव नोतं, मायलेबी नाही! जानरावचा जीव भांड्यात पडला. डोळे भरून आले. आपल्याच बापावर शक घेतला म्हणून तो वाकला, पाय धरले.

पाय ओले व्हते, खाऱ्या पान्यानं.

बापानं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. हळूच इचारलं, "जान्या, माह्या दिव्यात तेल कोन टाकते रे आता?"

घरातून माय वरडली, "कोनता दिवा जी?"

"त्याले ठाव हाय," बाप म्हणे.