दिवेलागणीची ओ

काच बसवायला माणूस येणार म्हणून त्या दिवशी मी शाळेतून रजा घेतली होती. आमचा फ्लॅट सोलापुरात, हायवेला लागून, नवव्या मजल्यावर. घेताना बिल्डर म्हणाला होता, इतक्या उंचीवर आवाज येतच नाही. त्याला एक रात्र आमच्याकडे झोपवायला हवं होतं. ट्रकचा हॉर्न भिंत चढून थेट उशाशी यायचा, मांडणीतली भांडी वाजायची आणि माझ्या सासूबाई, सारजाबाई, छाती धरून उठून बसायच्या. डॉक्टरांनी शेवटी बजावलं, यांना शांत झोप मिळाली नाही तर हृदय टिकणार नाही. म्हणून माझ्या नवऱ्यानं, शिवराजनं, गॅलरीच्या दाराला आवाज अडवणारी दुहेरी काच बसवायचं ठरवलं.

आत्या, म्हणजे सासूबाईच, याला मुळीच तयार नव्हत्या. कारण माझे सासरे, मायाप्पा. त्यांनी जन्मभर सांगोल्याच्या माळावर मेंढरं राखली आणि दोन वर्षांपूर्वी दिवेलागणीला, मेंढरं चारायला इकडे आणली असताना, आमच्या बिल्डिंगसमोरच रस्ता ओलांडताना, कळपासकट ट्रकखाली गेले. त्यांच्या मेंढवाड्यावर एक रीत होती. अंधारात म्होरक्या मेंढीची घंटा ऐकू आली की बाईनं लांब ओ द्यायची, म्हणजे त्या रोखानं माणूस आणि मेंढरं घरी येतात. आत्या अजूनही रोज संध्याकाळी गॅलरीत उभ्या राहून, त्या सगळ्या गोंगाटात, ओ द्यायच्या. घंटा ऐकू येते म्हणायच्या. मी वैरागच्या बाजारपेठेत वाढलेली. मला ट्रकशिवाय काही ऐकू यायचं नाही.

काच बसवणारा प्रभु दुपारी काम संपवून निघाला. "ताई, कडंचं सिलिकॉन ओलं हाय. उद्या मी येस्तवर दार उघडू नका."

तो गेला आणि घर गप्प झालं. खाली ट्रक पळताना दिसत होते, पण आवाज नव्हता. मला इतकं बरं वाटलं की मी दोनदा चहा करून प्याले. शिवराज कामासाठी टेंभुर्णीला गेला होता. घरात आम्ही दोघीच.

उजेड उतरला तशा आत्या काचेशी जाऊन उभ्या राहिल्या.

"उघड की गं."

"उद्या उघडू, आत्या. ओलं आहे अजून."

"त्येला वाट कशी कळायची? रस्त्यावरच ऱ्हाईल की त्यो... पुन्ना त्येच व्हईल."

त्यांनी दोन्ही तळवे काचेवर टेकले आणि ओ द्यायला तोंड उघडलं. आवाज फुटेना. नुसती घरघर. चेहरा पांढराफटक पडला. मी गोळी आणायला वळले आणि जागीच थबकले.

घंटा वाजत होती.

हॉर्न नाही, इंजिन नाही, काचेतून काही म्हणजे काही येत नव्हतं. तरी ती घंटा स्पष्ट वाजत होती... खाली, रस्त्यावर. थोडी पुढे जायची, थांबायची, मागे फिरायची. वाट चुकलेलं जनावर फिरतं तशी. इतके दिवस गोंगाटानं ती झाकून ठेवली होती, एवढंच.

"रेश्मे..." आत्यांनी माझा हात घट्ट धरला. "माझा गळा बसलाय. तू दे. लई दमलाय गं त्यो."

मला भीती वाटली. पण त्याहून जास्त त्या म्हातारीची कीव आली. दोन वर्षं ही बाई एकटीच एका माणसाला रस्त्यावरून बोलावत होती आणि आम्ही तिला वेड्यात काढत होतो. मी काचेला तोंड लावलं आणि पोटातून ओ दिली.

घंटा थांबली.

मग पुन्हा सुरू झाली. जवळ... आणखी जवळ. जिन्यात नाही, लिफ्टमध्येही नाही. समोरून, वर येत होती. मी डोळे घट्ट मिटले. घरात ओल्या लोकरीचा आणि लेंड्यांचा वास भरला. पायांना काहीतरी ऊबदार घासून गेलं, एकामागून एक, किती वेळ कोण जाणे. डोळे उघडले तेव्हा आत्या जमिनीवरच आडव्या होऊन गाढ झोपल्या होत्या. श्वास अगदी संथ चालला होता.

सकाळी प्रभु आला. काचेची बाहेरची कड त्यानं आतूनच, काचेतून तपासली, ती साफ होती. आतल्या कडेशी मात्र तो उकिडवा बसला आणि बसूनच राहिला. गुडघ्याच्या उंचीपर्यंत, सुकलेल्या सिलिकॉनमध्ये, या टोकापासून त्या टोकापर्यंत काळी लोकर चिकटली होती.

"ताई, घरात मेंढरं पाळलीत व्हय?"

हवा यावी म्हणून मी दाराच्या कडीला हात घातला. मागून आत्यांनी तो हळूच बाजूला केला. दोन वर्षांत त्यांचा चेहरा इतका निवांत मी पाहिला नव्हता.

"नगं उघडू, पोरी," त्या कुजबुजल्या. "आत्ताच बसलीत सगळी. भायेर रस्ता हाय."