अर्ध्या बाटल्या

उद्या पहाटे लांब पल्ला मारणार ना तुम्ही? मग ऐकाच. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. पण आमच्या छापखान्यातला बाइंडर खोटं बोलणारा माणूस नाही. म्हणजे... एकदाच बोलला होता.

दोन वर्षांपूर्वी तो आणि त्याचा मेव्हणा मॅरेथॉनला बरोबर पळाले. बत्तिसाव्या किलोमीटरला मेव्हणा मटकन खाली बसला. "दाजी, थांबा जरा... पाणी." याला चार तासांच्या आत पोचायचं होतं. "पुढच्या पाण्याच्या टेबलावरून पाठवतो कुणाला तरी," म्हणाला आणि सुटला. टेबलापाशी थांबलाच नाही. मेव्हणा तिथेच, बसल्या जागी गेला. घरी बायकोला सांगितलं, "तो मागे राहिला होता गं, मला कळलंच नाही." सख्ख्या भावाबद्दल असं खोटं सांगितलं तिला.

गेल्या वर्षी गड्यानं पुन्हा नाव घातलं. नोव्हेंबरातला दुसरा शनिवार. रात्री पावणेदहाला स्कूटर काढली आणि सरावाच्या रस्त्यावर पाण्याच्या बाटल्या लपवून आला. दर पाच किलोमीटरला एक, दगडाआड. तुम्हीही तेच करता. पहाटे साडेतीनला एकटाच पळायला लागला.

पहिली बाटली उचलली. अर्धी. झाकण घट्ट. त्याला वाटलं, प्यायला असेल कुणी तहानलेला, पिऊ दे बापडा.

दुसरी. तीही अर्धी.

तिसरी... अर्धी. तोंड ओलं. नुकतेच कुणीतरी ओठ लावल्यासारखं.

मेव्हणा नेहमी निम्मीच प्यायचा. निम्मी दाजींना ठेवायचा.

बाटली हातातून पडली. मागे पावलं वाजली. हा थांबला. ती थांबली. बॅटरी मागे मारली. रस्ता मोकळा. मग जीव खाऊन पळाला. पुढे चढ. दम संपला. आता बसणार... तेवढ्यात पाठीवर हात. गार. ढकलत नेलं वरपर्यंत. शब्द नाही. श्वास नाही...

घरी येऊन काळा टी-शर्ट खुंटीला अडकवला. घाम वाळला की मीठ उमटतं, ते तुम्हाला ठाऊक आहे. पाठीच्या मधोमध पंजा उमटला. पाचही बोटं वरच्या बाजूला. बायकोनं दोनदा धुतला. वाळला की पुन्हा पंजा.

"अहो, हा हात कुणाचा?"

"माझाच असेल. घाम पुसला असेन."

तिनं टी-शर्ट त्याच्या पाठीला लावला. मग म्हणाली, "बरं. ठेवून दाखवा."

त्यानं हात खालून नेला. खांद्यावरून नेला. तसा बसेना... तुम्ही काय करून बघताय रे? नाही बसणार. मीही बघितलंय.

मग मात्र त्यानं तिला सगळं सांगितलं. भावानं पाणी मागितलं होतं, तेसुद्धा. ती रडली नाही. फक्त टी-शर्ट परत धुवायला घेतला नाही.

वर्ष झालं. परवाच त्यांच्याकडे गेलो होतो. पंजा आहे तसाच आहे... आणि हात लावला तर अजून ओला लागतो.