टोकाचं टोपण

या, अंमळ पुढं सरकून बसा. कीर्तनाला अवकाश आहे, बुवा अजून हातपाय धुताहेत. तोवर नागभीडची एक गोष्ट ऐका. गुन्हेगार तुम्हीच ओळखायचा.

अठ्ठ्याण्णव साल. गुणवंतरावांच्या कॉम्प्युटर क्लासातून तिथल्या शिक्षिकेचा, रूहीचा, फोन आला.

“चाचा, पुन्हा बंद पडलं! आठही मशीन. आज नाई सापडलं तर साहेब मले काढून टाकतात.”

चाचा म्हणजे कमरुद्दीन भोंगेवाले. आमच्या कीर्तनाचे भोंगे तेच लावत. मीटर घेऊन धावले.

गुणवंतराव केबिनच्या दारात उभे, कपाळी ताजं कुंकू. “भाऊ, ही मुद्दाम करते. मुख्य मशीनवर हीच बसते ना!”

कमरुद्दीननी तिकडे लक्षच दिलं नाही. “रूही, केव्हा बंद पडते?”

“गुरुवारीच. चारला. पाचनंतर बंद-चालू केलं का चालते. मशीनी जोडणारी वायर तीनदा तपासली, कुठीच तुटली नाई.”

“कधी एकटंच मशीन अडलं?”

“नाई. सारे एकदम थिजतात.”

कमरुद्दीन पाऊण तास टेबलांखाली रांगले. गुडघे सोलले, नाकात धूळ, हाती शून्य. “अल्ला, हे वायर आहे का भुताटकी?” मीटर आदळणारच होते, तेवढ्यात दिसलं: वायर भिंतीच्या भोकातून केबिनात शिरत होती.

आत साहेबांचं मशीन, बंद. त्याला खेटून गुरूंची तसबीर, उदबत्ती. मशीनमागच्या जोडाचं एक तोंड उघडं. आणि पूजेच्या ताटलीत, फुलांशेजारी, कुंकवाची बोटं उमटलेलं धातूचं इवलंसं टोपण.

“हे कोणी काढलं?”

“मीच,” गुणवंतराव म्हणाले. “तसबिरीले टोचते. पूजा झाली का परत लावतो. रिकामं टोपण ते! त्याच्यानं बाकीचे सात काऊन बंद पडतील?”

“प्रत्येकाची वायर वेगळी, मधल्या डब्यात गेली असती, तर एकाच्या बिघाडानं एकच अडलं असतं. इथी एकाच वायरवर आठही जण बोलतात, साहेब. टिनाच्या मंडपात बुवांचा आवाज पत्र्यावर आपटून फिरते, अन् शब्द समजत नाई. मंग मी मागं सतरंजी लटकवतो. हे टोपण म्हणजे ते सतरंजी. टोकाले आलेला आवाज गिळते. काढलं, का आवाज परत फिरते, साऱ्यांचंच बोलणं गढूळ.”

टोपण बसवलं. रूहीनं सगळी मशीनं पुन्हा चालू केली. बाहेर पोरं आनंदानं ओरडली.

गुणवंतरावांनी हात जोडले. “चुकलं, बाई. दोन वर्षं मीच करून राह्यलो हे.”

“दोन वर्षं?” रूही म्हणाली. “मले तर आठच महिने झाले. माह्याआधी कोण होतं?”

“बिरजू.”

“त्यांले काऊन काढलं?”

गुणवंतराव खाली बसले. “ह्याच बिघाडासाठी,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते बिरजूच्या गावी, एटापल्लीकडे गेले. घराला कुलूप होतं. पुढं तीनदा गेले, पत्रं टाकली, माणसं पाठवली. पत्ता लागला नाही.

नामस्मरणाला बसाल तेव्हा एकदा बिरजूचं नाव घ्या. त्याला अजून वाटत असेल, चूक आपलीच होती.