डावा खांदा

ऐकायचं तर मध्ये बोलायचं नाही. मी रचून सांगत नाही. ज्याच्यावर बेतलं, तो माझ्या शेजारी गाडी लावायचा. शाळेच्या पोरांची व्हॅन होती त्याची.

चार वर्षं झाली. फेब्रुवारीतला दुसरा रविवार. रात्री साडेअकराला तो धाकट्या भावाला घेऊन निघाला. काम साधं. सकाळी शहरातल्या मोठ्या दवाखान्यात पोचवायचं.

धाकटा शिंपी. स्वादुपिंडाला सूज येऊन गेली आणि मागे पाण्याची गाठ राहिली. ती वाढत वाढत डावीकडे पानथरीत, म्हणजे प्लीहेत घुसली. गावातल्या डॉक्टरीणबाईंनी कुशीतून नळी घालून ते पाणी बाहेरच्या पिशवीत काढायला घेतलं होतं. पुढचं काम दुर्बिणीचं, ते मोठ्या दवाखान्यातच व्हायचं. निघताना बाई म्हणाल्या, "पिशवी अंगापेक्षा खाली ठेवा. आणि डावा खांदा दुखायला लागला तर पुढे जाऊ नका. पानथरीतून रक्त सुटलं की तिथे कळ येते. जवळचा दवाखाना गाठा."

मागच्या सीटा काढून गादी घातली होती. धाकट्याचं डोकं मागच्या दाराकडे, पाय ड्रायव्हरकडे.

"दादा, एक पिशवी पोटात, एक बाहेर. बाजाराला निघाल्यासारखं वाटतंय."

"गप पड. टाके तुटतील."

"टाक्यांचं तू मला सांगतोस?"

दोघं हसले. मग धाकट्याचा डोळा लागला.

रस्ता मोकळा होता. दीडच्या सुमाराला एका गावाचा फाटा आला. फाट्यावर दवाखान्याची पाटी, वर दिवा. थांबायचं काही कारण नव्हतं. तेवढ्यात त्याच्या डाव्या खांद्यावर हात पडला.

जड. थंड.

"काय रे, पाणी हवंय?"

त्याने आरशात पाहिलं. धाकटा झोपलेला. दोन्ही हात चादरीत. तिथून त्याचा हात पोचलाही नसता.

झोप चढली असेल म्हणून त्याने काच खाली केली. फाटा मागे पडला. तशी बोटं आवळली. त्याने मान वळवली नाही. हट्टी गडी. तसाच चालवत राहिला...

मग हात उचलला गेला. त्याला हायसं वाटलं.

"दादा..."

"हं."

"खांदा सोड ना."

...

"दुखतोय रे. केवढ्या जोरात धरलायस."

त्याचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते.

"कुठला खांदा?"

"डावा."

त्याने गाडी कडेला घेतली. आतला दिवा लावला. निघताना पिशवीतलं पाणी फिक्या चहासारखं होतं. आता लाल. धाकट्याचं कपाळ ओलं. ओठ पांढरे.

गाडी जागच्या जागी फिरवली. वाटेत मागून फक्त श्वास ऐकू येत होता. मधेच वाटे, दोन माणसांचा...

फाट्यावरच्या दवाखान्यातला सर्जन झोपेतून उठून आला. पोट उघडलं. रक्त चढवत गाठ आणि पानथरी, दोन्ही काढली. उजाडताना बाहेर येऊन म्हणाला, "वेळेत वळलात. वाचला."

मोठा भिंतीला टेकून खालीच बसला. तिथूनच सर्जनला म्हणाला,

"खांदा कुणीतरी धरलाय, म्हणत होता."

"म्हणणारच. पोटातलं रक्त छातीखालच्या पडद्याला लागलं की कळ खांद्यात उठते. दोन्हीकडची नस एकच. हातबित काही नसतो, दादा."

"त्याचं कळलं."

सर्जन जाता जाता थांबला. "मग?"

मोठा नळावर गेला. तोंड धुवायला सदरा काढला.

डाव्या खांद्यावर पुढे चार बोटं. मागे अंगठा. काळीनिळी.

मोठ्याच्या पोटात तर कसली गाठ नव्हती.

धाकटा ठणठणीत आहे, मशीनवर बसतो. माराचे वळ आठवड्यात जातात. हे गेले नाहीत. मी पाहिलेत. माझा हात त्यांच्यावर धरून पाहिला...

पुरला नाही.