अंगठा लागत नाही

लातूरहून चाकूरकडे जाताना, चाकूरच्या अलीकडे डाव्या हाताला आत वळलं की तुळजाबाईंचं गाव लागतं. शिल्पा त्यांची भाची, रेणापूरकडची, नांदेडला विद्यापीठात संशोधन करणारी. लहानपणी ती सुट्टीला आत्याकडे यायची तेव्हा तिला सगळं आवडायचं, फक्त पाणी तोंडात धरवायचं नाही. बोअरचं पाणी मचूळ, फ्लोराइडनं भरलेलं. पोरांचे दात तपकिरी, आणि चाळिशीतल्या बायांचे गुडघे साठीचे. त्यामुळे पाणी गाळायचा आपला पहिला प्रकल्प कुठं उभारायचा, हे शिल्पाला कुणाला विचारावं लागलं नाही.

सरपंच अमृतरावांना तिनं सगळं उलगडून सांगितलं होतं. पेन्सिलीतलं शिसं असतं ना, त्याचे थर सुटे करत जायचे. शेवटी जो पापुद्रा उरतो तो एका अणूएवढ्या जाडीचा. असे पापुद्रे एकावर एक रचून पडदा करायचा. त्यांच्या फटींतून पाणी तेवढं निसटतं, बाकीचं अलीकडेच अडतं. पंप उन्हावर चालणार, आणि ते ऊन साठवायच्या पेट्यांतही असेच पापुद्रे.

"म्हंजे पाण्याबिगर काहीच पार जात न्हाई?" अमृतरावांनी विचारलं.

"काहीच नाही," शिल्पा म्हणाली. तिनं ते मोजून पाहिलं होतं.

दिवाळीनंतर पाणी सुरू झालं आणि गाव खूश झालं. कुकरात तुरीची डाळ लवकर शिजू लागली. तुळजाबाई आल्यागेल्याला चहाआधी तांब्याभर पाणी द्यायच्या आणि पिणाऱ्याच्या तोंडाकडे कौतुकानं बघत राहायच्या. शिल्पा आली की तीही तेच पाणी पोटभर प्यायची. यंत्र चालवायला ठेवलेला रामलिंग सरळ, नेटका माणूस होता. त्याच्या कामात खोट काढायला जागा नव्हती.

होळीच्या सुमाराला शिल्पानं पहिला पडदा बदलला आणि जुना नांदेडला नेला. काळ्या, चकचकीत पडद्यावर पांढरा क्षार साचला होता. तो साचणारच होता. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र त्या क्षारात बारीक वळसे दिसले. गोल, फिरत जाणारे, एकाशेजारी एक. अंगठ्याचे ठसे. प्रत्येक वेगळा, आणि पडदाभर दाटीवाटीनं.

कुणीतरी हात लावला असणार, असं तिनं ठरवलं. रामलिंग शपथेवर सांगत होता की झाकण उघडलंच नाही. पुढचा पडदा तिनं हातमोजे घालून स्वतः बसवला आणि झाकणाला सील ठोकलं.

त्याच फेरीत तुळजाबाईंनी सांगितलं की रेशनच्या दुकानात त्यांचा अंगठा लागत नाही. साबणानं धुतला, लिंबू चोळलं, तरी मशीन नाही म्हणतं. दुकानदार फोनवर नंबर मागवून धान्य देतो. शिल्पाला त्यात नवल वाटलं नाही. जन्मभर खुरपं धरलेल्या हाताची रेघ झिजते, असं तिनं समजावलं. मग सहज म्हणून आत्याचा अंगठा उन्हात धरला. तो झिजलेला नव्हता. चिंचोक्यासारखा गुळगुळीत होता.

पुढच्या आठवड्यात शाळेत मुलांच्या आधारचं काम निघालं. एकाही पोराचा अंगठा उमटला नाही. पोरांनी काही खुरपं धरलेलं नव्हतं.

शिल्पानं पाण्याची तपासणी पुन्हा केली. नांदेडला केली, लातूरला दुसऱ्याकडून करून घेतली. पाणी निर्मळ होतं. त्वचेच्या डॉक्टरांना घेऊन ती गावात गेली. त्यांना कुणाला कसला आजार सापडला नाही. परत येताना एसटीत तिनं स्वतःची बोटं पाहिली आणि मूठ मिटून घेतली.

सील तोडून तिनं आतला पडदा काढला. त्यावर एकच ठसा होता. या काठापासून त्या काठापर्यंत पसरलेला, एकाच अंगठ्याचा.

तिनं तिथंच उभ्या उभ्या पंप बंद करायला सांगितला.

गाव नाराज झालं. ज्यांचे गुडघे पहिल्यांदा निवले होते त्या बाया यंत्राच्या खोलीसमोर येऊन बसल्या. तुळजाबाई सगळ्यात पुढं होत्या. "अंगठा गेला तर जाऊ दे माय," त्या म्हणाल्या, "पाणी तर गोड हाय."

शिल्पा बधली नाही. कारण सापडेल, सापडलं की मीच चालू करीन, असा शब्द तिनं दिला. अमृतराव तिच्या बाजूनं उभे राहिले, म्हणून निभावलं. गाव पुन्हा हापशावर गेलं.

आणि तिचं बरोबर ठरलं. पावसाळा सरता सरता रेघा परत आल्या. आधी पोरांच्या, मग मोठ्यांच्या, मग तिच्या स्वतःच्या. तिनं फोनमध्ये अंगठा नव्यानं नोंदवला तेव्हा तिला हसू आलं. कारण अजून हाती लागलं नव्हतं, पण जे गेलं होतं ते परत आलं होतं, आणि बाकीचं शोधायला ती समर्थ होती.

नव्या आराखड्याचे कागद घेऊन ती गावात आली. तुळजाबाईंच्या ओसरीवर अमृतराव चहा पीत बसले होते. रेशनचं मशीन अजून कुरकुर करतं, असं त्यांनी सांगितलं. "आधी म्हनायचं, ठसा दिसत न्हाई. आता म्हनतंय, ठसा जुळत न्हाई. समद्या गावाचंच तसं हाय."

शिल्पानं हातातले कागद खाली ठेवले. झिजलेली रेघ परत येते ती जुनीच येते, हे तिला माहीत होतं. पण कातडीच नवी आली असेल तर नोंद नवी करावी लागेल, एवढंच. सगळ्यांना लातूरला नेऊन आधार दुरुस्त करून घेऊ, असं ती म्हणाली.

आत ठेवलेला तिचा फोन वाजला. तुळजाबाई तो घेऊन येईस्तोवर वाजायचा थांबला. त्यांनी फोन पुढं केला.

पडद्यावर शिल्पाचे सगळे संदेश उघडे होते.

"आत्या, हा उघडला कसा?"

"मी काय केलं न्हाई बाई. निस्ता धरला."

शिल्पानं फोन बंद केला. आत्याला अंगठा पदरानं पुसून पुन्हा टेकवायला सांगितला. फोन उघडला.

तिनं तो परत बंद केला आणि अमृतरावांसमोर धरला. त्यांनी कप खाली ठेवला, धोतराला हात पुसला आणि अंगठा टेकवला.

फोन उघडला.