सतरा नंबरचा बिल्ला

अमीरचं काम साधंच होतं. साखर कारखान्याच्या गेटसमोर चौथऱ्यावर एक जुनं वाफेचं इंजिन ठेवलेलं. गावातली पोरं त्याच्या भट्टीत शिरायची, म्हणून भट्टीचं दार वेल्डिंग करून कायमचं बंद करायचं. रविवारी तिथंच त्याच्या आजोबांचा, कुतुबुद्दीननानांचा, त्या इंजिनाचा सगळ्यात जुना ड्रायव्हर म्हणून सत्कार होता.

अमीरनं आयटीआय अर्ध्यात सोडलं तेव्हापासून नाना त्याला पाहुण्यांसमोर 'आमचं बिनकामाचं' म्हणायचे. आजही लिंबाखाली खुर्चीत बसून हुकूम सोडत होते. गुडघे असे गेलेले, की उठवायला दोघं लागायची. तोंड मात्र शाबूत.

चौथऱ्यावर फलक होता. पहिल्या महायुद्धासाठी अमेरिकेत घडवलं, लढाई संपल्यावर भंगाराच्या भावात इकडं आलं, साठ वर्षं ऊस ओढला. शेवटची ओळ : 'एकही अपघात नाही.'

भर दुपारी रस्ता ओस पडला होता. अमीरनं दाराला हात लावला नि झटक्यात मागं घेतला. लोखंड पोळत होतं. उन्हानं म्हणावं, तर तिथं सावली. आतून ओल्या राखेचा वास आला, आणि मग आवाज... खर्र... खर्र... कुणीतरी राख खरवडतंय.

"कोण हाय रं आत? भाईर ये, गड्या."

आवाज थांबला. अमीरनं दार उघडून मोबाईलचा उजेड टाकला. आत कुणी नव्हतं. दार लावलं, तर त्याच्या आकड्याला पितळी बिल्ला हलत होता. सतरा नंबर. सकाळी तिथं काहीच नव्हतं.

"नाना, ह्यो कुणाचा?"

नानांचं तोंड पांढरं पडलं. "जोतिबाचा... पर ह्यो बिल्ला तर मी नदीत टाकला हुता."

"आपल्या आळीतल्या रंगूआजीचा नवरा? मुंबईला पळाला त्यो?"

नानांनी काठी खाली ठेवली. मग तुटक तुटक सांगू लागले. भट्टी घासायला आत उतरणाऱ्यानं आपला बिल्ला दाराला अडकवायचा. बिल्ला दिसला की जाळ करायचा नाही. आणि ज्याचा बिल्ला, त्यानंच काढायचा. त्या साली गळीत हंगामाच्या मोळीपूजनाचा मुहूर्त टळत होता, बँड वाजत होता...

"वाटलं, काढायचा इसरला आसंल. नेहमी इसरायचा. बिल्ला खिशात घातला, आन् भट्टीत चिंध्या पेटवल्या... रातभर घासून आतच निजला हुता रं."

"मग पळाला म्हून कुणी उठवलं?"

"आमी समद्यांनीच."

 पंचावन्न वर्षं! रंगूआजी अजून कुंकू लावते, मुंबईची एसटी आली की दारात येऊन उभी राहते. आणि ही मोठी माणसं तिच्या हातचा चहा पिऊन 'येईल, येईल' म्हणत आली.

"आन् तुमी आमाला अक्कल शिकवता व्हय?"

"दार बंद कर, बाळा... पाया पडतो."

"आदी तिला सांगणार." अमीरनं बिल्ला काढून खिशात टाकला.

"त्यो आपुन काढायचा नसतो रं!" नाना मागून ओरडले. तो थांबला नाही.

रंगूआजीनं सगळं ऐकलं. रडली नाही. बिल्ला मुठीत धरला आणि अमीरच्या पुढं चालू लागली.

लिंबाखालची खुर्ची रिकामी होती. खाली चपला, शेजारी काठी. भट्टीचं दार बंद. आकड्याला बिल्ला लटकत होता, तीन नंबरचा. नानांचा. पण तो तर घरी भिंतीवर, काचेच्या चौकटीत...

आतून खर्र... खर्र... सावकाश, दमून दमून.

"नाना?"

आवाज थांबला. अमीरचा हात बिल्ल्याकडं गेला. रंगूआजीनं त्याचं मनगट घट्ट धरलं.

"ज्याचा त्यानंच काढायचा."

आत पुन्हा खरवडणं सुरू झालं. आता दोघांचं.