दुखणं-बिखणं काही नाही

"लोचो खाऊन आलात ना?" योगेंद्रशी मी बोललेलं हे पहिलं वाक्य. काय करणार? बमरोलीच्या लॅबमध्ये रक्त घेणं हे माझं काम, आणि रविवारी सकाळी सुरतचा माणूस उपाशीपोटी येतो यावर माझा काडीचाही विश्वास नाही. तेला-बटरात न्हालेला तो बेसनाचा लोचो हाणून येतात आणि साळसूदपणे सांगतात, पाण्याचा थेंबसुद्धा घेतला नाही.

हा पलसाण्याच्या डाइंग मिलमधला शेड मास्तर, म्हणजे कापडाचा रंग नमुन्याशी जुळवणारा. शिडशिडीत, शांत डोळ्यांचा. मिलमधल्या तपासणीत कोलेस्टेरॉल भलतंच वर आलं, म्हणून पुन्हा तपासायला आलेला. रिपोर्ट तसाच वाईट आला, तेव्हा मी त्याला झापलंच, पुढच्या रविवारी तरी खरोखर उपाशी या म्हणून. आला बिचारा. मी दारातच त्याला अडवलं.

"तोंडाचा वास घेणार का आता?"

"घेतला असता… पण तुम्ही फार लांब उभे आहात."

बोलून गेले आणि कानापर्यंत तापले. तो माझ्या गालाकडे बघत राहिला, अगदी निवांत. "हा शेड आमच्याकडे नाही," म्हणाला. त्या दिवशी मला शीर सापडायला जरा वेळच लागला.

आकडा तसूभर हलला नाही. म्हणजे तो खरंच उपाशी होता, दोन्ही वेळा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि मीच त्याला आमच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी खाण्याचं विचारलंच नाही, वडिलांचं विचारलं. वडील चाळिशीच्या आतच लूमवर काम करता करता छातीत कळ येऊन गेले होते, मोठे काकाही तसेच. घरचे म्हणायचे, नजर लागली. मग जनुकांची तपासणी झाली आणि उलगडा झाला. रक्तातली चरबी उचलून नेणारे जणू हात असतात लिव्हरला. योगेंद्रला आईकडून आलेले धड होते, वडिलांकडून आलेले लुळे. नुसत्या पथ्यानं भागणार नव्हतं, गोळी जन्मभर घ्यावी लागणार होती.

गोळी सुरू झाली, आकडा उतरू लागला, आणि आम्ही संध्याकाळी तापीच्या काठावर फिरू लागलो. कसे, ते मला आजही नीट सांगता येत नाही. पाण्यावर पुलाचे दिवे लांबत जायचे, हजीऱ्याकडून खारट वारा यायचा आणि तो मला त्या पाण्यातले रंग ओळखायला शिकवायचा. मला सगळे निळेच दिसायचे. तरी मी हो हो म्हणायची, कारण दाखवताना त्याचा हात माझ्या हाताला लागायचा.

एका संध्याकाळी तो रंगांचं काही बोललाच नाही.

"हे माझ्या पोरांनाही जाऊ शकतं, हर्षदा. प्रत्येक पोराला निम्मी शक्यता."

"पोरांपर्यंत पोचलास? अजून मला विचारलंस कुठे?"

तो हसला नाही. "विचारणारच नाही," म्हणाला.

मी चिडले, रडले, पुन्हा चिडले. त्याला म्हटलं, तुझ्या वडिलांना काही कळलंच नव्हतं, तुला कळलंय. पोरं झाली तर लहानपणीच तपासू, लागलंच तर औषध देऊ. मला तू हवा आहेस, बस्स.  शेवटी म्हणाला, तुझ्या घरी मागणी घालायला येतो, पण तुझ्या अप्पांना सगळं सांगणार.  दम्याची नुसती कुणकुण लागली म्हणून अप्पांनी ताईचं एक स्थळ परत पाठवलं होतं.

आमच्या खान्देशी घरांत मुलगी बघायला आले की एक प्रश्न ठरलेला असतो, दुखणं-बिखणं काही नाही ना? आणि उत्तरही ठरलेलं. आतल्या खोलीत कुणी खोकत असलं तरी काही नाही म्हणायचं. योगेंद्र आमच्याकडे आला, तेव्हा अप्पांनीही तेच विचारलं. योगेंद्रच्या हेमराजमामांनी लगेच उत्तर दिलं, काही नाही.

योगेंद्रनं पोह्यांची बशी खाली ठेवली. "आहे," म्हणाला, आणि सगळं सांगितलं. वडिलांचं, काकांचं, गोळीचं, होणाऱ्या पोरांचंसुद्धा. मामा पंख्याकडे बघत बसले.

"आपली पोरले माहीत शे का हाई?" अप्पांनी आईला विचारलं.

अशा वेळी मुलीनं मध्ये बोलायचं नसतं. मी बाहेर आले. "माहीत आहे, अप्पा. पहिल्यापासून. मी याच्याशीच लग्न करणार."

 अप्पा योगेंद्रकडे वळले. हळूच म्हणाले, "इतला वरीस इचारी ऱ्हायनू… आज कोनी खरं सांगं." आणि आईला म्हणाले, "कुंकू लय."

आमच्यात मुलाला कुंकू लावलं की सोयरीक पक्की. आईनं कुंकू आणून त्याच्या कपाळी बोट टेकवलं आणि त्याचे डोळे भरून आले, सगळ्यांसमोर. मामा घसा खाकरून काहीतरी बोलत होते. मी पुढे झाले आणि माझ्या पदरानं त्याचे डोळे पुसले.